‘काही होत नाही’ म्हणण्याआधी : छोटं विमान उडवणाऱ्यांसाठी

३१ मे २०१४ च्या रात्री अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बेडफर्ड विमानतळावर एक खासगी गल्फस्ट्रीम जेट धावपट्टीवरून सुसाट निघालं, पण जमीन सोडलीच नाही. धावपट्टी संपली, पुढची मोकळी जागाही संपली आणि विमान खोलगट भागात जाऊन पेटलं. आतले सातही जण गेले. दोन्ही वैमानिक अनुभवी होते आणि वर्षानुवर्षं एकमेकांच्या शेजारी बसून उडत होते. राहिली होती ती एकच गोष्ट. उभ्या विमानाच्या पंखांचे आणि शेपटीचे हलते भाग वाऱ्याने आपटू नयेत म्हणून लावतात ते कुलूप, म्हणजे गस्ट लॉक, त्यांनी काढलं नव्हतं. इंजिन सुरू केल्यावर कंट्रोल एकदा पूर्ण पुढे-मागे, डावी-उजवीकडे फिरवून पाहिले असते, तर काही सेकंदांत ते लक्षात आलं असतं.

अपघाताचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकी संस्थेने विमानातल्या नोंदयंत्रावरून मागची १७५ उड्डाणं तपासली. कंट्रोलची ही तपासणी पूर्ण केल्याचं त्यांतल्या फक्त दोन उड्डाणांत आढळलं.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर विमान गस्ट लॉक काढायचं राहिल्यामुळेच कोसळलं होतं. त्यात मेजर प्लॉयर हिल आणि चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर यांचा जीव गेला. माणसाची आठवण दगा देते हे त्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर कागदावरची चेकलिस्ट विमानविद्येत रुजली. ज्या चुकीने चेकलिस्ट दिली, तीच चूक जवळजवळ ७९ वर्षांनी चेकलिस्ट जवळ असणाऱ्यांच्या हातून झाली.

धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया इथे शिकणारी मुलं, सुट्टीच्या दिवशी क्लबचं विमान घेणारे हौशी वैमानिक आणि अमेरिकेत नोकरी करताना खासगी परवाना काढलेले आपले मराठी लोक या सगळ्यांसाठी हा लेख आहे. माझं सांगणं एवढंच आहे की तुमच्या विमानातली सगळ्यात धोक्याची वस्तू इंजिन नाही. ‘अहो, काही होत नाही’ हे चार शब्द त्याहून धोक्याचे आहेत.

शिडी

माझीच गोष्ट सांगतो. ज्या विमानावर मी शिकवत होतो, त्याचे पंख डोक्याच्या वर होते आणि टाक्यांची झाकणं पंखांवर. झाकण घट्ट आहे का आणि आत इंधन किती आहे हे पाहायचं तर हँगरमधून शिडी आणून वर चढावं लागे. पहिली काही वर्षं मी प्रत्येक वेळी चढलो. मग दिवसाच्या तिसऱ्या-चौथ्या उड्डाणाला शिडी टाळू लागलो, कारण सकाळी पाहिलेलंच असायचं. पुढे दुसऱ्या उड्डाणालाही टाळली. काहीच बिघडलं नाही.

एका दुपारी धावपट्टी सोडून चारशे फुटांवर गेलो असू, शेजारचा विद्यार्थी म्हणाला, “सर, पंखावरून पाणी उडतंय.” पाऊस नव्हता. उजव्या टाकीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं आणि निळसर इंधन वाऱ्याबरोबर मागे ओढलं जात होतं. टॉवरला सांगून वळलो, उतरलो. विमान शाबूत, आम्हीही शाबूत. पण जमिनीवर इंजिन बंद केल्यावर माझे हात थरथरत होते. त्या दिवशी शिडी आणली नाही हे तर खरंच. पण गेल्या कित्येक महिन्यांत ती आणली नव्हती आणि त्या प्रत्येक सुखरूप दिवसाने मला चुकीचा धडा शिकवला होता, हे त्याहून खरं होतं.

‘अतिपरिचयात् अवज्ञा’ असं आपण म्हणतो. १९८६ च्या चॅलेंजर अंतराळयानाच्या दुर्घटनेचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी हीच गोष्ट मोठ्या संस्थेच्या पातळीवर दाखवली. नियमातली छोटी सूट घेतली आणि काही वाईट झालं नाही, की ती सूटच पुढचा नियम बनते. तिथून पुढे आणखी थोडी सूट. म्हणून हे पक्कं धरा : निभावलं म्हणजे बरोबर होतं असं नाही. प्रत्येक उड्डाणानंतर ‘सुखरूप उतरलो का’ याबरोबरच ‘आज कुठे नशिबाने वाचलो’ हेही स्वतःला विचारा आणि लॉगबुकच्या मागच्या पानावर एका ओळीत लिहून ठेवा.

तुमच्यामागे एअरलाइन नसते

मुंबईहून दिल्लीला प्रवासी विमान जातं तेव्हा दोन वैमानिक असतात. शिवाय हवामान पाहणारे, इंधनाचा हिशेब मांडणारे, देखभाल करणारे, ड्यूटीचे तास मोजणारे असे कितीतरी लोक मागे उभे असतात. एकाचं चुकलं तर दुसरा धरतो. छोट्या खासगी विमानात ही सगळी खाती तुमच्या एकट्याकडे असतात. ‘आज नको’ म्हणणारा दुसरा माणूसच नसतो, म्हणून तो माणूस तुम्हालाच व्हावं लागतं.

आधी स्वतःला तपासा

विमानाकडे जाण्याआधी पाच मिनिटं स्वतःसाठी काढा. सर्दी आहे का? कान बंद आहेत का? झोप येणारी गोळी घेतली आहे का? रात्री झोप किती झाली? घरी भांडण, ऑफिसात ताण? पोटात काही आहे का? मद्याच्या बाबतीत भारतात उड्डाणाआधी १२ तासांचं बंधन आहे, अमेरिकेत आठ तासांचं. रात्री पार्टी लांबली असेल तर तास मोजत बसू नका, उड्डाण सरळ पुढच्या दिवशी ठेवा.

सराव हाही तब्येतीचाच भाग. अमेरिकेत प्रवासी न्यायचे असतील तर मागच्या ९० दिवसांत किमान तीन वेळा उडून उतरलेलं असावं लागतं. ही कायद्याची किमान पायरी आहे. तीन महिन्यांत तीन चकरा मारलेल्या माणसाचा हात बसलेला असतो असं समजू नका. खंड पडला असेल तर इन्स्ट्रक्टरला घेऊन तासभर उडा. त्यात कमीपणा कसलाच नाही.

विमानाभोवतीची प्रदक्षिणा

आमच्याकडे एक मुलगा होता, हुशार आणि चपळ. एका सकाळी मी त्याला टाकीखालच्या झडपेतून इंधनाचा नमुना काढायला सांगितला. तो म्हणाला, “सर, कालच काढला होता.” मी म्हटलं, “काल रात्री पाऊस पडलाय. काढ.” पारदर्शक पेल्यात निळं इंधन आलं आणि तळाशी मण्यासारखे दोन थेंब वेगळे दिसले. ते पाणी होतं. इंधनापेक्षा जड, म्हणून तळाशी बसलेलं. नमुना स्वच्छ येईपर्यंत त्याने पाच वेळा पेला भरला. त्यानंतर मला त्याला कधीही सांगावं लागलं नाही.

प्रदक्षिणा नेहमी एकाच जागेहून सुरू करा आणि एकाच दिशेने घाला. मध्ये कुणी हाक मारली, फोन आला, तर जिथे होतात तिथून पुढे जाऊ नका. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. चेकलिस्ट पाठ असली तरी बोट ठेवून वाचा. पाठ झालेली यादी तोंड म्हणत राहतं आणि डोळे भलतीकडे असतात. कंट्रोल हलवून पाहताना फक्त हाताला जाणवलं एवढ्यावर थांबू नका. मान वळवून पंखाचा आणि शेपटीचा भाग योग्य दिशेला हलतो आहे हे डोळ्यांनी पाहा.

इंधन : काट्यावर विसंबू नका

गायक जॉन डेन्व्हर हा कसलेला वैमानिक होता, त्याच्या नावावर अडीच हजारांहून जास्त तास होते. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेजवळ तो नुकत्याच विकत घेतलेल्या लाँग-ईझी या हौशी बांधणीच्या छोट्या विमानातून निघाला. एका टाकीतून दुसरीवर जायची मूठ या विमानात वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेली होती, सहज हात पोहोचणार नाही अशी. इंधन फार नव्हतं. भरून देण्याची सोय होती, पण तासाभराच्या फेरीला पुरेल म्हणून त्याने नको म्हटलं. हवेत टाकी बदलायला मागे वळताना त्याचा विमानावरचा ताबा सुटला आणि ते समुद्रात कोसळलं, असा तपासाचा निष्कर्ष आहे. नवं विमान, गैरसोयीची मूठ आणि कमी इंधन या तिन्ही गोष्टी जमिनीवर असतानाच दिसत होत्या.

यातून तीन नियम घ्या. एक, काटा काहीही दाखवो, मापपट्टी टाकीत बुडवून इंधन मोजा. दोन, कायदा दिवसा उरलेलं अर्ध्या तासाचं इंधन मान्य करत असेल, तरी तुम्ही एका तासाचं शिल्लक ठेवून उतरा. तीन, विमान नवं असेल तर उडण्याआधी जमिनीवर बसून, डोळे मिटून प्रत्येक मुठीवर आणि बटणावर हात नेण्याचा सराव करा.

ढग, धुरकट हवा आणि अंधार

सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना ढगात शिरल्यासारखी परिस्थिती दिली. विसाही जणांचा ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांनाही दोन सेकंद कमी.

हे भित्रेपणामुळे घडत नाही, कानामुळे घडतं. तोल सांभाळणारी यंत्रणा आतल्या कानात असते, तिच्या नळ्यांत द्रव असतो. विमान हळूहळू आणि सारखं एकाच बाजूला वळत राहिलं, की थोड्या वेळाने तो द्रवही स्थिरावतो आणि आपण सरळ चाललो आहोत असं वाटतं. विमान खरोखर सरळ केलं की उलट बाजूला कलल्याचा भास होतो, म्हणून माणूस पुन्हा आधीच्या बाजूला कलतो. उंची घटताना दिसते, तो कंट्रोल मागे ओढतो आणि वळण आणखी आवळतं. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे हा भास खोडून काढतात. क्षितिज दिसेनासं झालं की शरीर सांगेल ते खोटं आणि उपकरण सांगेल ते खरं, हे मनाला बजावावं लागतं. प्रशिक्षणाशिवाय ते जमत नाही.

१६ जुलै १९९९ रोजी अमेरिकेचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन केनेडी ज्युनियर न्यूजर्सीतल्या एसेक्स काउंटी विमानतळावरून रात्री ८ वाजून ३८ मिनिटांनी पायपर सॅराटोगा घेऊन निघाले. सूर्य मावळला होता. बरोबर पत्नी आणि मेव्हणी होत्या. त्यांच्याकडे साधारण ३१० तासांचा अनुभव होता, पण उपकरणांवर उडण्याचं रेटिंग अजून पूर्ण झालेलं नव्हतं. एका इन्स्ट्रक्टरने बरोबर येण्याची तयारी दाखवली होती, त्यांना मात्र एकट्यानेच जायचं होतं. मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे जाताना खाली काळा समुद्र, वर अंधार आणि मध्ये धुरकट हवा. कायद्याने त्या हवेत उडायला मनाई नव्हती. तासाभराने विमान मिनिटाला ४,७०० फुटांहून जास्त वेगाने समुद्राकडे झेपावलं. तिघांपैकी कुणीच वाचलं नाही. रात्री पाण्यावर उतरताना दिशाभ्रम झाला, असं तपासात ठरलं.

भारतात रात्री नुसत्या नजरेच्या भरवशावर उडायला सर्वसाधारणपणे परवानगी नाही. पण धोका फक्त रात्रीचा नसतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात खिंडी बघता बघता ढगांनी बुजतात. हिवाळ्यात सकाळी नदीकाठच्या धावपट्टीवर धुकं उतरतं. चैत्र-वैशाखात दुपारी निरभ्र असलेलं आकाश संध्याकाळपर्यंत वळवाच्या ढगांनी भरतं. म्हणून निघतानाच ठरवा की अमुक गावापर्यंत अमुक डोंगर दिसला नाही तर मागे फिरायचं. मागे फिरण्याची वेळ हवा बिघडल्यावर येत नाही, ती बिघडण्याची शंका आली तेव्हाच आलेली असते. आणि उपकरणं पाहून अर्धं वर्तुळ वळून परत येण्याचा सराव दर काही महिन्यांनी इन्स्ट्रक्टरबरोबर करा. इलिनॉयच्या त्या प्रयोगात ही एवढी गोष्ट शिकवल्यावर जवळजवळ सगळ्यांना ती जमली, हे फारसं कुणी सांगत नाही.

ऊन, वजन आणि दमट हवा

नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की तिथली हवा विमानाच्या लेखी साडेचार हजार फुटांहून उंचावरच्या हवेइतकी विरळ होते. धावपट्टी जास्त लागते आणि चढण मंदावते. सकाळी दोघांना घेऊन सहज उडालेलं विमान दुपारी चौघांना आणि भरल्या टाक्यांना घेऊन तसंच उडेल असं गृहीत धरू नका. मॅन्युअलमधला तक्ता उघडून आकडा काढा. कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात, बाहेर घाम निथळत असतानाही दमट हवेत आत बर्फ जमू शकतो, हेही विसरू नका.

खाली येऊन करामत नको

२३ जून १९८० रोजी सकाळी दिल्लीत सफदरजंग विमानतळाजवळ संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना यांचं पिट्स एस-२ए विमान कसरती करताना कोसळलं. उंची कमी असेल तर चूक सुधारायला जागाच उरत नाही. मित्राच्या शेतावरून, गावच्या जत्रेवरून खालून घिरटी घालण्याचा मोह हा याच जातीचा. त्यात माणूस खाली पाहत वळतो आणि वळण आवळत जातं. उंची न सोडता विमान ६० अंश कलवून वळवलं, तर ज्या वेगाखाली पंख आधार सोडतात तो वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. जो वेग मघाशी पुरेसा होता, तोच आता घात करतो.

माणसांचं ओझं

मशिनपेक्षा माणसांना नकार देणं कठीण. मुलं दप्तरात खाऊ भरून तयार आहेत, मेव्हणा पुण्याहून मुद्दाम आलाय, उद्या ऑफिस आहे. अशा वेळी ढगही थोडे पातळ वाटू लागतात. यावर उपाय आदल्या दिवशीच करायचा. पाहुण्यांना बोलावतानाच सांगा, “हवा बरी असली तर उडू, नाहीतर गाडीने जाऊ किंवा घरी मिसळ करू.” परतीचं ट्रेनचं तिकीट किंवा एका रात्रीची खोली आधीच हाताशी ठेवा. दुसरा पर्याय तयार असला की नकार देणं सोपं जातं.

आपली लक्ष्मणरेषा लिहून ठेवा

कायदा सगळ्यांसाठी एक आहे, पण तुमचा अनुभव तुमचा आहे. म्हणून शांत डोक्याने, घरी बसून, एका कार्डावर आपले नियम लिहा आणि ते परवान्याबरोबर ठेवा :

• कायद्याला पाच किलोमीटर दिसलं तरी चालत असेल, तर मला आठ लागेल. आडवा वारा अमुक नॉटच्या वर असला तर नाही.
• उतरताना एका तासाचं इंधन शिल्लक.
• एका दिवशी एकच नवी गोष्ट. नवं विमान असेल तर ओळखीची धावपट्टी, नवी धावपट्टी असेल तर ओळखीचं विमान.
• प्रत्येक उड्डाणाआधी मोठ्याने म्हणायचं : वर जाताना कमी उंचीवर इंजिन बंद पडलं तर मागे वळणार नाही, नाक खाली करून समोर दिसेल त्या मोकळ्या जागेत उतरेन.
• जमिनीवर आणि वर चढताना-उतरताना गप्पा बंद.
• दोन गोष्टी मनाला खटकल्या तर उड्डाण रद्द. तिसरी शोधायची नाही.

धावपट्टीच्या तोंडाशी उभं राहून हे कार्ड बदलायचं नाही. बदलायचं असेल तर घरी, आणि शक्यतो इन्स्ट्रक्टरशी बोलून.

शेजारी बसणाऱ्यांसाठी

घरच्या लोकांनो, तुम्हालाही एक काम आहे. निघण्याआधी विचारा : इंधन किती आणि पुरणार किती वेळ? हवामान कुठे पाहिलं? वाटेत उतरायला जागा कोणती? झोप झाली का? चांगल्या वैमानिकाला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याबरोबर त्या दिवशी बसू नका. आणि ‘चल की, एवढं काय, काही होत नाही’ हे वाक्य तुमच्या तोंडून कधीही निघू देऊ नका.

रद्द केलेलं उड्डाण

१६ जुलै १९९९ च्या त्याच संध्याकाळी, त्याच एसेक्स काउंटी विमानतळावरून, त्याच बेटाकडे जायचा आणखी एका वैमानिकाचा बेत होता. हवा पाहून त्याने तो रद्द केला. त्या रात्रीच्या बातम्यांत ही गोष्ट नव्हती, कारण न झालेल्या उड्डाणाची बातमी होत नाही.

म्हणून पुढच्या वेळी विमान परत हँगरमध्ये ढकलून, सामान उतरवून, पोरांची नाराजी घेऊन घरी याल, तेव्हा खजील होऊ नका. लॉगबुकात त्या दिवसाला तास मिळणार नाहीत. तरीही त्या दिवशी तुम्ही वैमानिकाचंच काम केलेलं असेल. तारीख घाला आणि लिहा : ‘आज उडालो नाही.’